मंडईचे दिवस आणि परिपत्रकांचे दिवस

भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरते तेव्हा खऱ्या उत्सवाला आरंभ होतो. बलिप्रतिपदेस गोवारी समाजाचा गायगोधन हा गाईंचा सण झाला, भाऊबीज उरकली, की आज या गावी तर उद्या शेजारच्या गावी अशी मंडयांची जी मालिका सुरू होते, ती कार्तिकी पौर्णिमा ओलांडून पुढेही काही काळ चालू राहते. पुण्यामुंबईच्या वाचकास मंडई म्हटली की भाजीपाल्याचे गाळे आठवतील. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातील ज्या धानाच्या, तलावांच्या आणि रानांच्या मुलखास झाडीपट्टी असे नाव आहे, आणि ज्यात भंडाऱ्यासह गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा मोठा भाग मोडतो, तेथे मंडई म्हणजे वर्षातून एकदा गावाने आपल्या सोयऱ्याधायऱ्यांस घरी बोलावून दिवसा बाजार, दंडार व खडी गंमत ही लोकनाट्ये आणि रात्री नाटक असा भरगच्च पाहुणचार करण्याचा दिवस होय. या दिवसाचा संस्थापक कोणी सांगत नाही, त्याची शताब्दी कोणी साजरी करीत नाही, छापील दिनदर्शिकेत त्याच्यासाठी चौकोन राखलेला नसतो; आणि तरीही पोटासाठी नागपूर-रायपुराकडे गेलेला माणूस एखादे वर्षी दिवाळीस चुकला तरी मंडईस चुकू नये म्हणून धडपडतो.

याच दिवसांत मराठी रंगभूमी दिन येतो. सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले तो दिवस ५ नोव्हेंबर १८४३ हा मानला जातो, आणि त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेस नाट्यगृहांतून नटराजपूजन होते, भाषणे होतात, सत्कार होतात. भावे यांच्या कर्तृत्वाविषयी तिळमात्र अनादर न बाळगता एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, ज्या रात्री शहरांतील नाट्यगृहांमध्ये दीपप्रज्वलनाचा समारंभ आटोपून निवडक मंडळी घरोघर परततात, त्याच रात्री झाडीपट्टीतील अनेक गावांच्या शिवारात कापणी झालेल्या मोकळ्या जागेत मंडप घालून, थंडीने कुडकुडत, घोंगडी-चादर पांघरून, शेतकरी व शेतमजूर बायामाणसे तिकीट काढून पहाटेपर्यंत मराठी नाटक पाहत बसलेली असतात. आणि आज मराठी रंगभूमी दिन आहे ही वार्ता त्यांतील बहुतेकांच्या कानी पोहोचलेलीही नसते. मग प्रश्न असा उद्भवतो की त्या रात्री मराठी रंगभूमीचा सण साजरा केला तो कोणी?

‘अमुक दिन’ आणि ‘तमुक सप्ताह’ यांची आपल्या काळात इतकी गर्दी झाली आहे की या प्रश्नाचे एक सोपे उत्तर विचारवंत म्हणविणाऱ्यांनी तयारच ठेवले आहे: जे जुने ते अस्सल, जे नवे ते बनावट. हे उत्तर ऐकण्यास गोड असले तरी इतिहासापुढे ते टिकत नाही, आणि भंडारा जिल्ह्याच्या इतिहासापुढे तर मुळीच टिकत नाही. ते का, याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचा येथे मानस आहे.

प्रथम भूमीकडे पाहावे. या जिल्ह्याचे पंचांग धानाने लिहिलेले आहे. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकावयाचे, आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात वाकून रोवणी उरकावयाची, बांधीतले पाणी राखावयाचे, आणि आभाळाने दगा दिला तर तलावाचे तोंड उघडावयाचे, असा हा क्रम आहे. हे तलाव निसर्गाने दिलेले नव्हेत. त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार नुसत्या डोळ्याने ओळखून पाळी बांधून निर्माण केलेले आहेत, आणि १९०८ साली रसेल या अधिकाऱ्याने संपादिलेल्या जिल्हा गॅझेटियरातही या कौशल्याची वाखाणणी आढळते. रोवणी हातावेगळी झाली की श्रावणी अमावास्येचा पोळा येतो, कारण त्या वेळेस बैलाच्या खांद्यावरचे जू खरोखरीच उतरलेले असते. आदल्या दिवशी त्या खांद्यास लोणी-हळद लावून शेकण्याचा जो विधी आहे, तो देवतेसाठी जितका तितकाच सुजलेल्या खांद्यासाठी आहे. पुढे हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीस येते, भारी धान अजून उभे असते; पुंजणे रचली जात असतात, हाती थोडा पैसा खुळखुळू लागतो, बांधीतल्या ओलीवर लाखोरी टाकून झालेली असते, तलावांतून धीवरांनी काढलेले शिंगाडे बाजारात आलेले असतात, आणि वर्षातले तेवढे काही दिवस घरधनी व मजूर या दोघांनाही मान वर करून बघण्यास फुरसत असते. मंडई नेमकी या फटीत बसलेली आहे. एखाद्या मंत्रालयाने तिची तारीख ठरविली असती तर ती बहुधा रोवणीच्या ऐन मोसमात पडली असती.

मंडईची व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. शेजारपाजारच्या गावांच्या मंडया एकमेकींवर आदळू नयेत अशा बेताने दिवस धरलेले असतात. त्यामुळे बांगड्या, खेळणी, भांडी, जिलेबी आणि कांदाभजी यांची तीच दुकाने गाडीवर लादून गावोगाव फिरतात, आणि त्याच क्रमाने पाहुणेही फिरतात. आज मावशीच्या गावी, उद्या मामाच्या, परवा सासुरवाडीस अशी ही यात्रा घडत असताना उपवर मुलामुलींची पाहणी होते, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, उसनवारीचे हिशेब मिटतात किंवा नव्याने होतात. दिवसा झाडाखाली वा चौकात दंडार उभी राहते. स्त्रीभूमिका पुरुषच करतात, सोंगे येतात-जातात, आणि गावातल्याच एखाद्या कंजूष असामीवर सर्वांदेखत कोपरखळी बसते. खडी गंमतीत शाहीर आपल्या साथीदारांसह उभ्याने सवालजवाब करतो, कलगी आणि तुरा यांचे वंशपरंपरागत वैर तासन्तास चालते, आणि कोण जिंकले याचा वाद पुढल्या मंडईपर्यंत पुरतो.

रात्रीच्या नाटकाचे प्रकरण निराळे. गोंदिया-चांदा रेल्वेमार्गावरील वडसा या गावी नाट्यमंडळ्यांचा मोठा तळ आहे. गावातील तरुणांचे मंडळ तेथे जाऊन मंडळी ठरविते, नाटक निवडते, बयाणा देते, हस्तपत्रके छापते, आणि मग मंडप, पडदा, दिवे, तिकीटविक्री, बंदोबस्त या सर्वांची धुरा स्वतःच्या खांद्यावर घेते. नाटकास गर्दी लोटली तर चार पैसे उरतात. पाऊस आला किंवा त्याच रात्री शेजारी दुसरे नाटक लागले तर मंडळातील पोरांना घरच्यांची बोलणी खावी लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा राजधानीच्या वृत्तपत्रांना या रंगभूमीचा शोध लागला. ती त्यापूर्वीही आपल्या पायांवर, आणि आपल्या तिकिटावर, उभी होती.

आता कोणी म्हणेल, ही तर पुरातन परंपरा, तेव्हा ती अस्सल असणारच. येथेच घोटाळा आहे. दंडार जुनी खरी, परंतु पडदा, विजेचे दिवे, छापील पत्रके, तिकीट, बयाणा आणि ठेक्याने येणारी नाट्यमंडळी यांतील कोणतीही गोष्ट पुरातन नाही. मंडईचा आश्रयदाताही पुरातन राहिलेला नाही. भोसल्यांचे राज्य १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर इंग्रजांनी खालसा केले, त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांस गावांची मालकी मिळाली, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे मौजाचा मालगुजार हाच गावातील मानपानाचा केंद्रबिंदू होता. पोळ्याच्या तोरणाखाली पहिला मान त्याच्या जोडीचा, आणि सोंगाड्यांची बिदागीही बहुतकरून त्याच्याच मर्जीवर अवलंबून. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने ही मालकी ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, वाड्यातील दप्तरे तहसिलीत गेली. ज्या सणाचे मूळ मालगुजाराच्या मर्जीत होते तो सण त्याच साली वाळून जावयास हवा होता. मंडई वाळली नाही. तिचा खर्च वर्गणीवर आणि तिकिटावर आला, आणि आश्रयदात्याच्या ठिकाणी मंडळ आले. म्हणजे आज आपण जिला परंपरा म्हणतो ती मंडई तिच्या सध्याच्या रूपात आपल्या प्रजासत्ताकाच्या वयाची आहे, आणि याबद्दल तिला लाज वाटण्याचे काही कारण नाही.

राज्ये तर या जिल्ह्याने किती पाहिली! भोसल्यांनंतर इंग्रजी अंमल, १८६१ पासून मध्यप्रांत, मग मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. यांतील प्रत्येक राजवटीने आपापले राजमान्य दिवस आणले, कचेऱ्यांस सुट्ट्या दिल्या, निशाणे उभारली. १ मे या तारखेचेच पाहा. महाराष्ट्राच्या स्थापनेचा तो दिवस कचेऱ्यांतून व शाळांतून साजरा होतो. वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते त्याच दिवशी काळ्या फिती लावतात. आणि १९९९ साली याच तारखेस भंडाऱ्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. एकाच दिवशी एकाने गुढी उभारावी, दुसऱ्याने शोक करावा आणि तिसऱ्याचे विभाजन व्हावे, अशा दिवसास राज्याचा सोहळा म्हणता येईल, जनांचा सण म्हणणे कठीण. साकोली वा लाखांदुराकडच्या माणसाने मात्र जिल्ह्याची सीमा ओलांडून अर्जुनी-मोरगावच्या मंडईस जाणे १९९९ नंतर थांबविले नाही.

यावरून राजाने सुरू केलेला सण कधीच अस्सल होत नाही, असा निष्कर्ष कोणी काढू लागेल तर तोही उतावळेपणा ठरेल. कारण त्याचे खंडन करणारा दाखला या मुलखात घरोघर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी नंदीबैल सजवून मिरवितात तो तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीने सुरू केला असे परंपरा सांगते. ज्या पोरांना खऱ्या बैलांच्या गर्दीत जाता येत नाही त्यांस आपला पोळा असावा, ही एका राज्यकर्त्याची लहर. ती वाड्याबाहेर आली, सुतारांनी उचलली, आयांनी उचलली, आणि विदर्भाबाहेर फारशी न पसरता विदर्भात मात्र अशी रुजली की राजा गेला, राज्य गेले, तरी चाकांच्या लाकडी बैलास दोरी बांधून घरोघर बोजारा मागणारी पोरे भंडाऱ्यात, तुमसरात, पवनीत आजही दिसतात. ती लहर कोणाची होती हे त्या पोरांस ठाऊक नसते. बोजारा किती जमला हे पक्के ठाऊक असते. सुतार, आई आणि पोर या तिघांना जे स्वतःचे काम वाटले, त्याला राजमुद्रेची गरज उरली नाही.

हीच गोष्ट जगात अन्यत्रही घडलेली आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये २६ डिसेंबर ते १ जानेवारी असा सात दिवस ‘क्वान्झा’ नावाचा जो उत्सव होतो, तो मौलाना करेंगा या अध्यापकाने १९६६ साली, लॉस एंजेलिसमधील वॉट्स वस्तीत झालेल्या भीषण दंगलीच्या दुसऱ्या वर्षी, अक्षरशः कागदावर योजिला. आफ्रिकेतील सुगीच्या सणांवरून रूप घेतले, स्वाहिली भाषेतून नाव घेतले, सात दिवसांना सात तत्त्वे नेमून दिली. याला हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत. बनविलेला सण, पुस्तकी सण असा त्याचा उपहास होतो. परंतु गुलामीने ज्यांचे कुलदैवत, कुळ आणि गाव ही तिन्ही हिरावून घेतली त्यांनी परंपरा आणावयाची कोठून? ज्याचे घर जाळले गेले आहे त्याने नवे घर बांधले तर त्यास ‘हे वडिलोपार्जित नाही’ असे हिणविणे हा निव्वळ उद्धटपणा होय. आपल्याकडेही टिळकांनी १८९३ च्या सुमारास गणपतीला देवघरातून मांडवात आणले आणि थोड्याच वर्षांत शिवजयंतीचा उत्सव उभा केला तेव्हा ‘हे शास्त्रात कोठे आहे?’ असे विचारणारे पुष्कळ निघाले होते. आज त्या मांडवालाच कोणी प्राचीन म्हणतात.

या सर्व विवेचनास कसोटीवर घासून पाहावयाचे तर भंडारा जिल्ह्यास एका तारखेपाशी थांबावे लागते, आणि ती तारीख १४ ऑक्टोबर १९५६. त्या जिल्ह्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी संबंध त्याआधीच आला होता. १९५४ च्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत ते भंडाऱ्यातून राखीव जागेसाठी उभे राहिले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले, तर त्याच द्विसदस्य मतदारसंघाची दुसरी जागा अशोक मेहता यांनी जिंकली. लोकसभेच्या मतपेटीने ज्यांस नाकारले त्यांच्यामागे अडीच वर्षांच्या आत लक्षावधी माणसे नागपूरच्या मैदानात उभी राहिली. अशोक विजयादशमीचा तो दिवस. कुशिनाराचे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, आणि मग स्वतः जनसमुदायास दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. भंडारा नागपुरापासून साठेक किलोमीटरांवर. तेव्हा या जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांतून लोक रेल्वेने, गाडीने, पायी तेथे गेले यात आश्चर्य नाही. पांढरी वस्त्रे नेसून गेलेली ती माणसे परत आली तेव्हा गावातल्या सणांशी असलेला आपला जुना करार त्यांनी मोडलेला होता. गावगाड्याची पडेल ती कामे करावयाची, सणाच्या दिवशी डफ वाजवावयाचा, आणि पंगतीच्या वेळी लांब उभे राहून उरलेले घ्यावयाचे, असा तो करार. जुना तर तो फारच होता. हजार वर्षे जुना म्हटला तरी चालेल. जुने ते अस्सल असे म्हणणाऱ्यांनी या अस्सलपणाचे काय करावयाचे तेही सांगावे.

धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणजे संस्थापक माहीत, तारीख माहीत, जागा माहीत, साक्षीदार माहीत असा सण. आणि तरीही त्याच्याइतका खरा सण विदर्भात दुसरा दाखविणे अवघड आहे. त्यासाठी कोणत्याही कचेरीचे परिपत्रक निघावे लागत नाही. गावातली माणसे पैसा पैसा साठवून, शिदोरी बांधून, लेकरे कडेवर घेऊन दीक्षाभूमीस जातात, रात्र उघड्यावर काढतात, पुस्तके विकत घेऊन परततात. जत्रेतून पुस्तके विकत घेऊन येणारा समाज आपल्या देशात अन्यत्र किती ठिकाणी सापडेल, याचा विचार वाचकांनीच करावा. त्या दिवसाने माणसाकडून काही मागितले: जुने देव, जुन्या रूढी, आणि पुष्कळदा जुनी मिळकतही, कारण बलुते सोडणे म्हणजे पोटावर पाय देणे होते. ज्या दिवसासाठी माणसाने काहीतरी सोडले आहे, तो दिवस त्याचा होतो.

येथे इतिहासाने एक विलक्षण योग घडवून आणला. दीक्षेनंतर तेरा वर्षांनी, १९६९-७० साली, नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली वैनगंगेकाठच्या पवनी येथे उत्खनन केले. आणि जगन्नाथ टेकडीखालून विटांचा प्रचंड स्तूप, त्याभोवतीचा शिल्पांकित पाषाणकठडा आणि त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेले दात्यांचे लेख प्रकाशात आले. ख्रिस्तपूर्व काळातील हा स्तूप पोळा-मंडईच्या कोणत्याही लेखी पुराव्यापेक्षा प्राचीन आहे. ज्यांस कालपरवाचे बौद्ध म्हणून हिणविले जात होते त्यांच्या पायाखालीच भंडारा जिल्ह्यात इतकी जुनी वास्तू निघावी, याची मौज कोणास वाटणार नाही? तथापि ही मौज पुराव्यादाखल वापरण्याचा मोह मला आवरावासा वाटतो. पवनीची टेकडी कोणी कधी खणलीच नसती तरी १४ ऑक्टोबरचे महत्त्व रतिभरही कमी झाले नसते. त्या कठड्यावर ज्यांनी आपली नावे कोरविली त्या दात्यांनीही एके काळी नवाच धर्म पत्करला होता, आणि स्वतःच्या मिळकतीतून एक एक दगड दिला होता. साम्य आहे ते या दानात, प्राचीनत्वात नव्हे.

तेव्हा अस्सलपणा हा एक प्रश्न आणि साजरे करण्याची योग्यता हा दुसरा, अशी विभागणी करणे भाग आहे. शंकरपटाचे उदाहरण घ्या. बैलजोड्यांच्या या शर्यतींवर झाडीपट्टीचे प्रेम इतके खरे की ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्या बंद झाल्यावर गावे उदास झाली, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळताच पट पुन्हा भरू लागले, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरल्यावर त्यावर शिक्कामोर्तब झाले. सात वर्षांच्या मनाईने जे मेले नाही ते बनावट कसे म्हणावे? परंतु पळणाऱ्या जनावरास टोचण्या, मारझोड यांविषयीची तक्रारही तितकीच खरी होती, आणि परवानगीबरोबर आलेल्या अटी ज्या पटात पाळल्या जातात तो पटच साजरा करण्यास योग्य. ज्यात त्या पाळल्या जात नाहीत तो कितीही अस्सल असो, त्याचे कौतुक आम्ही करणार नाही. ज्या बैलाचा खांदा पोळ्याला लोण्याने चोळावयाचा त्याच बैलाची कातडी माघात सोलावयाची, ही संस्कृती नव्हे.

मंडईत बलिप्रतिपदेपासून ढाल घेऊन नाचणारे जे गोवारी, त्यांच्या वाट्याला याच मोसमात आणखी एक तारीख आली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या मागण्यांसाठी नागपुरास विधिमंडळावर गेलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे, त्यांत बायका आणि मुलेही, मृत्युमुखी पडली. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे, आणि दरवर्षी त्या दिवशी गोवारी समाज तेथे जमतो. गाईंच्या सणाने सुरू होणारा महिना त्यांच्यासाठी या शोकाने सरतो. हा दिवस कोणत्याही सांस्कृतिक कार्यक्रमपत्रिकेत नसतो. पण झाडीपट्टीचे पंचांग प्रामाणिकपणे लिहावयाचे असेल तर मंडईच्या पुढल्याच ओळीत तो लिहावा लागेल.

राहता राहिला २७ फेब्रुवारी. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी साजरा होणारा मराठी भाषा गौरव दिन भंडाऱ्याच्या शाळाशाळांतूनही होतो: फलक लिहिला जातो, ग्रंथदिंडी निघते, एखादी मुलगी पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणते. त्या भाषणातली मराठी आणि ती मुलगी घरी आजीशी बोलते ती झाडीबोली यांत जे अंतर आहे, त्यामुळे हा गौरव कोणाचा चालला आहे असा प्रश्न मागच्या बाकावरील पोरास पडत असला पाहिजे. याच जिल्ह्यातील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा आणि झाडीबोलीचा चिकाटीने अभ्यास केला, तिचे शब्द गोळा केले, आणि झाडीबोलीची साहित्य संमेलने भरविण्याची चळवळ उभी केली. शाळेत ज्या बोलीला गावंढळ ठरवून हसले गेले तिच्यात लोक व्यासपीठावरून कविता वाचू लागले. ज्या शाळेत २७ फेब्रुवारीला एखाद्या म्हाताऱ्या दंडारकऱ्यास बोलावून त्याच्याच बोलीत तासभर बोलू दिले जाते, तेथे तो दिवस सरकारी राहत नाही. हे करण्यास परिपत्रकाची आडकाठी नाही आणि खर्च एका शालीचा.

मंडईलाही दृष्ट लागलेली आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख अतिथी यांच्या छबींनी भरलेले फलक दंडारीच्या फडापेक्षा मोठे झाले आहेत. दंडार थांबवून भाषण ऐकावे लागते. आणि कित्येक ठिकाणी ध्वनिक्षेपकाच्या भिंतींपुढे ढोलकीचा आवाज बुडतो. विजेचे दिवे आले याचे मला दुःख नाही, तिकीट आले याचे तर नाहीच. दुःख आहे ते वर्गणीची जागा हळूहळू देणगी घेऊ लागली आहे याचे, कारण देणगी देणारा पुढल्या वर्षी आपल्या नावाची मंडई मागतो, आणि मालगुजार १९५१ साली गेला असे आपण समजत असताना तो दुसऱ्या दाराने आत येतो. गावातील तरुण मंडळांस म्हणून एवढीच विनंती की, नाटक एक कमी आणावे, मंडप लहान घालावा, पण खर्च घरटी गोळा करावा आणि हिशेब चावडीवर वाचून दाखवावा. बौद्ध वस्तीतून आणि गोवारी टोलीतून आलेली वर्गणी व तेथून आलेला सभासद ही दोन्ही त्या हिशेबात असावीत.

ज्या वाचकांस हे सारे स्वतः पाहावयाचे असेल त्यांनी भाऊबीज झाली की भंडारा रोड किंवा तुमसर रोड स्थानकावर उतरावे आणि पहिल्या चहाच्या दुकानात आज मंडई कोठे आहे एवढेच विचारावे. सोबत जाड पांघरूण असू द्यावे. नाटक उशिरा सुरू होते, पहाटेपर्यंत चालते, आणि शेवटचा अंक चुकविणाऱ्यास दुसऱ्या दिवशी त्या गावात कोणी पाहुणा समजत नाही.